परक्या चालीत आपले गाणे

गेल्या उन्हाळ्यात एके सायंकाळी मी नेरच्या बसस्थानकावर अमरावतीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी माझे एक स्नेही होते. त्यांनी आयुष्यातील तीस वर्षे मुलांस मराठी शिकविण्यात घालविली असून भाषेविषयीची त्यांची मते जितकी प्रामाणिक तितकीच कडक आहेत. समोरच्या बाकावर तीन-चार तरुण बसले होते आणि त्यांपैकी एकाच्या मोबाइलवर मोठ्याने गाणे चालले होते. त्यास गाणे म्हणण्यापेक्षा ठेक्यावर केलेले झपाट्याचे बोलणे म्हणणे अधिक बरोबर होईल. कारण त्यात आलाप नव्हता, तान नव्हती, ठेका मात्र पक्का होता आणि शब्दांस यमकाची धार होती. शब्द आमच्याच मुलखातले होते. हेल वऱ्हाडी, मध्येच हिंदीची मिसळ, आणि विषय वावर, कर्ज व बेकारी.

माझे स्नेही काही वेळ ऐकत राहिले व मग जरा मोठ्यानेच म्हणाले, "चाल अमेरिकेची, पेहराव अमेरिकेचा, हातवारे अमेरिकेचे. मग यात आपले उरले काय?"

त्या तरुणांपैकी एकाने ते ऐकले. तो उद्धट नव्हता. हसून एवढेच म्हणाला, "काकाजी, चाल कोनाचीबी असो, बोलून तं आपलाच मानूस रायला ना!"

या दोन वाक्यांत एक जुना प्रश्न समोरासमोर उभा आहे. मनुष्याची ओळख ही त्याला वाडवडिलांकडून मिळालेली ठेव आहे, की त्याने स्वतः करावयाची गोष्ट आहे? ती ठेव असेल, तर परक्या भांड्यात ओतली की ती बाटते असे माझ्या स्नेह्यांप्रमाणे म्हणावे लागेल. ती करावयाची गोष्ट असेल, तर साधने कोणाची, हा प्रश्न गौण ठरतो आणि त्या तरुणाचे म्हणणे खरे होते. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे असे प्रथमदर्शनी वाटते. म्हणूनच त्यांचा थोडा विचार करणे अवश्य आहे.

प्रथम 'अमेरिकेची चाल' म्हणजे काय ते पाहू. ज्यास हिप-हॉप म्हणतात व ज्याचे बोलगाणे रॅप या नावाने ओळखले जाते, त्याचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ या दिवशी झाला असे मानण्याचा प्रघात आहे. त्या दिवशी न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवरील एका इमारतीत क्लाइव्ह कॅम्पबेल नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाने आपल्या बहिणीच्या मेजवानीत तबकड्या वाजविल्या. गाण्यात जेथे इतर वाद्ये थांबून केवळ ठेका उरतो, तो तुकडा दोन यंत्रांच्या साहाय्याने पुनःपुन्हा वाजवून लांबवीत न्यावयाचा, ही त्याची युक्ती. पुढे या लांबविलेल्या ठेक्यावर बोलणारे बोलू लागले आणि एक कला उभी राहिली. परंतु हा कॅम्पबेल मूळचा अमेरिकन नव्हे. तो जमैका बेटातील किंग्स्टन येथे जन्मला व लहानपणी न्यूयॉर्कला आला. रस्त्यावर मोठमोठे ध्वनिक्षेपक मांडून, चालू तबकडीवर लोकांस उद्देशून बोलण्याची जमैकातील रीत त्याने बालपणी पाहिली होती. तात्पर्य, आपण जिला अमेरिकेची चाल म्हणतो ती एका परदेशस्थ मुलाने, गावाकडच्या आठवणी व नव्या शहरातील सामग्री एकत्र करून बसविलेली चाल आहे. तिच्या मुळाशीच स्थलांतर आहे. म्हणून की काय, जगभर ज्यांस आपण कोठले हे सांगणे अवघड जाते, त्यांनी ती आपलीशी केली.

लॉस एंजेलिस शहरातील जोनाथन पार्क हा त्यांपैकीच एक. रसिक त्यास 'डंबफाउंडेड' या टोपणनावाने ओळखतात. आईबाप कोरियन, जन्म १९८६ साली अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयरेस शहरी, बालपण लॉस एंजेलिसच्या कोरियन वस्तीत, बोलण्याची भाषा इंग्रजी आणि कला कृष्णवर्णीयांची. याच शहरात १९९२ साली जी दंगल उसळली तीत कोरियन दुकानदारांची असंख्य दुकाने जळाली. कृष्णवर्णीय व कोरियन यांच्यात त्याआधीपासूनच वितुष्ट होते. अशा ठिकाणी वाढलेल्या कोरियन मुलाने कृष्णवर्णीयांची कला हाती घ्यावी, हे तिन्ही बाजूंस खटकण्यासारखे आहे. आईबापांस वाटावे, हा आपला राहिला नाही. कृष्णवर्णीयांस वाटावे, हा आपला कधीच नव्हता. आणि गोऱ्या अमेरिकेने तर त्यास नेहमीच पाहुणा समजावे. २०१६ साली त्याने चित्रपटांत आशियाई माणसांच्या भूमिकाही गोऱ्या नटांस दिल्या जातात, यावर एक गाणे केले. ज्याचा चेहराच पडद्यावरून पुसला जातो त्याने तो परत मागितला, आणि तोही परक्या ठेक्यावर. त्याला आपला ठेका कोणता म्हणून सांगता आला असता? कोरियाचा त्याने पाहिला नव्हता, अर्जेंटिनाचा त्यास आठवत नव्हता.

ही फार दूरची गोष्ट झाली, असे वाचक म्हणतील. म्हणून घरची गोष्ट सांगतो. ती अधिक जुनी व अधिक उद्बोधक आहे.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्राएल समाज आपणांस ठाऊक आहे. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून जेमतेम वाचून आले. ते गावोगाव तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांची आडनावे पेणकर, दिवेकर, अष्टमकर अशी. पोशाख व बोली शेजाऱ्यांचीच. वेगळेपण राहिले ते शनिवारच्या विसाव्यात, सुंतेच्या विधीत आणि खाण्यापिण्याच्या निर्बंधांत. पुढे धर्मग्रंथांची ओळख नव्याने झाली तेव्हा त्या कथा लोकांच्या मनात कशा उतरवाव्या, हा प्रश्न आला. हिब्रू भाषा सामान्य माणसास कळत नव्हती. तेव्हा, १८८० च्या सुमारास, या समाजातील काही जाणत्यांनी हरिदासाचे कीर्तन उचलले. योसेफाची कथा, मोशेची कथा, एलियाहू प्रेषिताची कथा त्यांनी साकी, दिंडी, ओवी या आपल्या ओळखीच्या छंदांत बांधली व सभेपुढे गाइली.

त्या वेळी कोणा कर्मठाने त्यांस विचारले असते की, 'चाल हिंदूंची, छंद हिंदूंचे, उभे राहण्याची पद्धत हिंदूंची. मग यात तुमचे उरले काय?' तर ते काय म्हणाले असते? बहुधा तेच, जे नेरच्या तरुणाने म्हटले. त्या परक्या चालीवाचून त्यांच्या पूर्वजांची कथा त्यांच्याच बायकामुलांपर्यंत पोचत नव्हती. येथे उसने रूप हे स्वत्वाचे शत्रू न होता त्याची वाट झाले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १९४८ साली इस्राएलची स्थापना झाली व पुढील दशकांत या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे गेले. दोन हजार वर्षे आपण ज्या भूमीचे म्हणवून घेतले, त्या भूमीत आपण घरी जात आहो अशी त्यांची भावना होती. घरी मात्र दारातच चौकशी झाली. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्राएल मनुष्याचा विवाह नोंदविताना त्याच्या आईचे कूळ शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत तपासावे. तुझी आजी कोण, पणजी कोण, ती खरी आपली होती काय? कोकणात ज्यांस शनिवार पाळतात म्हणून वेगळे मानले, त्यांस यरुशलेममध्ये पुरेसे वेगळे नाहीत म्हणून परके मानले गेले. त्यांनी हे मुकाट्याने सोसले नाही. १९६४ साली त्यांनी यरुशलेममध्ये ठिय्या धरला. अखेर त्याच वर्षी तेथील संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला आणि धर्मपीठासही आपल्या आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

याच लोकांनी इस्राएलमध्ये काय जपले? मराठी कीर्तने. तेथील स्त्रियांनी मंडळे करून ती गाइली. एलियाहू प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा कोकणातल्याप्रमाणेच केला. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तेथून काढले. आता पाहा, कीर्तन तेच, शब्द तेच, छंद तेच. कोकणात ते म्हणत होते, 'आम्ही इस्राएलचे आहो.' इस्राएलमध्ये तेच कीर्तन म्हणू लागले, 'आम्ही कोकणचे आहो.' गाण्यातील एक अक्षरही न बदलता त्याचा अर्थ उलट झाला. ओळख ही गाण्यात भरून ठेवलेली वस्तू असती तर असे घडते ना. ती गाणारा व त्याच्या सभोवतालचे जग यांच्यामधील नात्यात असते. जग बदलले की त्याच गाण्याने मनुष्य निराळ्या प्रश्नास उत्तर देऊ लागतो.

आणि ज्या कीर्तनास आपण आपले म्हणतो, तेही कोठे एका जागी थांबले? तंजावरात १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचे राज्य होते. ते लयास गेल्यावरही तेथे मराठी कीर्तनकार जात राहिले. त्यांचे ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेस नवे रूप दिले आणि साकी-दिंडी कावेरीकाठी तमिळ शब्दांत रुजल्या. आज तिकडील श्रोत्यास ती आपलीच वाटते. त्यास आपण चोर म्हणणार काय?

ही सर्व हकीकत मी माझ्या स्नेह्यांस सांगितली, तेव्हा ते विचारात पडले. पण हार मानणारे ते नव्हेत. ते म्हणाले, "तुमचे खरे धरले, तर कोणीही कोणाचेही काहीही उचलावे आणि 'हे माझे' म्हणावे, असे होईल. मग नक्कल व निर्मिती यांत फरक तो काय?"

हा आक्षेप योग्य आहे व त्यास उत्तर देणे प्राप्त आहे. मला वाटते, परक्याचे रूप घेणाऱ्यावर दोन कर्तव्ये येतात. पहिले, ऋण मान्य करणे. ज्या लोकांनी गुलामी व दारिद्र्य भोगून एक कला उभारली, तिचा ठेका उचलावा, तिच्यावर पैसा मिळवावा आणि त्या लोकांचा मात्र तिटकारा करावा, ही कृतघ्नता होय. आणि असे करणारे जगात पुष्कळ आहेत. दुसरे कर्तव्य सत्याचे. सुखवस्तू घरातील मुलाने ब्राँक्सच्या गल्लीतील बंदुका व तुरुंग यांची गाणी म्हणावी, हे खोटे. कारण ते दुःख त्याचे नव्हे. येथे रूप उसने घेतले म्हणून दोष नाही, अनुभव उसना घेतला म्हणून दोष आहे. याच्या उलट, मुंबईच्या 'स्वदेसी' या मंडळीने २०१९ साली वारली लोकांच्या जमिनीचा व आरेच्या जंगलाचा प्रश्न रॅपमध्ये मांडला, तेव्हा त्या जंगलात राहणारे प्रकाश भोईर यांस बरोबर घेतले व त्यांचा आवाज त्यांच्याच भाषेत राहू दिला. आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या नावातील 'सौ'च्या जागी शंभराचा आकडा लिहितो आणि गरिबी व जात यांविषयी बोलतो. त्याच्या उच्चारावरून तो कोणत्या मुलखातला हे लपत नाही, आणि लपविण्याची त्याची इच्छाही दिसत नाही. नक्कल करणारा आधी आपला उच्चार लपवितो. माझ्या मते ही कसोटी पुरेशी आहे.

परंतु गाणाऱ्याचीच कर्तव्ये सांगून थांबणे न्यायाचे होणार नाही. ऐकणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि ते मी स्वतः चुकलो आहे, म्हणून लिहितो. माझी नात परदेशात जन्मली. चार वर्षांपूर्वी ती गणपतीस आमच्याकडे आली, तेव्हा तिने तिकडे शिकलेली आरती आम्हांस म्हणून दाखविली. बोटांनी पाटावर ठेका धरून, काहीशा तिकडच्या वळणाने, पण मनापासून. तिला 'ळ' म्हणता येत नव्हता. मी चारचौघांत तिला थांबवून तो तीनदा म्हणवून घेतला. माझा हेतू वाईट नव्हता. सर्व हसले, मीही हसलो. ती त्यानंतर त्या मुक्कामात पुन्हा गाइली नाही. पुढे यरुशलेमच्या त्या आदेशाविषयी वाचताना मला ती सायंकाळ आठवली. कूळ तपासणाऱ्या धर्मपीठात आणि माझ्यात तत्त्वतः काय अंतर होते? दाराशी आलेल्या घरच्या माणसास मीही 'तू पुरेशी आपली आहेस काय' असेच विचारले होते.

माझ्या स्नेह्यांचा शेवटचा आक्षेप मात्र मी पुरता खोडू शकलो नाही. ते म्हणाले, "गाणे राहील, पण भाषा? गाण्यापुरती भाषा म्हणजे देवघरातली मूर्ती. तिच्याशी कोणी भांडत नाही, तिच्याजवळ कोणी भाजीचा भाव विचारत नाही."

हे खरे आहे. नेरच्या दक्षिणेस दारव्हा, दिग्रस, पुसदकडे बंजारा समाजाचे तांडे आहेत. बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य वाहून नेणारे हे लोक. रेल्वे व सडका आल्या तेव्हा त्यांचा धंदा बुडाला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या आधारे सरकारने अशा कित्येक भटक्या लोकांच्या कपाळी गुन्हेगार हा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का पुसायला मात्र अधिक काळ लागला. त्यांच्या गोरबोलीस स्वतःची लिपी नाही. मुलगा शाळेत मराठी शिकतो, बाजारात हिंदी बोलतो, आणि होळीस तांड्यावर डफाच्या तालावर लेंगी गातो. लेंगी टिकली म्हणून बोली टिकेल, असे कोणी सांगू शकत नाही. बोली चुलीपाशी, भांडणात, लेकराच्या समजुतीत जगते. आणि तेथून ती गेली तर कोणतेही गाणे, जुने असो की नवे, तिला परत आणू शकणार नाही. इस्राएलमधील बेने इस्राएलांच्या नव्या पिढीतही मराठी क्षीण होत चालली आहे. म्हणून गाण्यावर अधिक भार टाकू नये. त्याच्याकडून एवढीच अपेक्षा करावी की, जे बोलण्याची लाज वाटत होती ते त्याने मोठ्याने बोलावे. ज्यास आपल्या आजीच्या भाषेची लाज वाटेनाशी झाली, तो ती शिकेलच असे नाही. पण ज्यास लाज वाटते तो तर खात्रीने शिकणार नाही.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते असे आहे. ओळख ही ठेव आहे हे खरे. पण ती शेतासारखी ठेव आहे, दागिन्यासारखी नव्हे. दागिना पेटीत ठेवला तरी टिकतो. शेत दरसाल कसावे लागते, आणि ते कसण्यास शेजाऱ्याची बैलजोडी उसनी आणली म्हणून पीक शेजाऱ्याचे होत नाही. मात्र बैलजोडी उसनी आहे हे विसरू नये. आणि शेत कसणाऱ्यास बांधावर उभे राहून त्याचा सातबारा मागत बसू नये.

आमची गाडी आली तेव्हा ते गाणे पुन्हा चालू होते. माझे स्नेही पायरीवर पाय ठेवून थबकले आणि त्या तरुणास म्हणाले, "ते मघाचे पुन्हा लाव बरे. पऱ्हाटी म्हणाला का तो?"

"हो काकाजी," तो म्हणाला.

गाडी नेरच्या बाहेर पडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग खिडकीबाहेरच्या उघड्या वावरांकडे पाहत सावकाश म्हणाले, "माझी आई पऱ्हाटीच म्हणे. मुलांच्या निबंधांत तो शब्द आला की मी तीस वर्षे तो खोडून वर कपाशी लिहीत आलो."